सुट्टी

२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी माझा मित्र त्याची जुनी ओम्नी घेऊन आमच्या अंगणात आला. मागचं दार उघडलं आणि एक पिवळट लॅब्राडोर कुत्री खाली उतरली. आमच्यापैकी कुणाकडेही तिनं बघितलं नाही, फक्त त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्यानं माझ्या हातात तिची साखळी, ॲल्युमिनियमचं भांडं, लसीकरणाची वही, एक हिरवा रबरी बॉल आणि स्वतःची एक मळकी चादर दिली. "चादर धुऊ नकोस. बाकी फोनवर सांगतो," एवढं बोलून गाडीत बसला आणि गेला. मागे वळून पाहिलं नाही. कुत्रीला त्रास होतो म्हणून, असं नंतर म्हणाला. मला ते कारण पटलेलं नाही.

तिचं नाव बिजली. वय नऊ वर्षं. पोलिसांच्या श्वानपथकात स्फोटकं शोधण्याच्या कामावर होती, आता निवृत्त झाली होती.

हा मित्र माझ्याबरोबर बी.एड.ला होता. आम्ही एकाच बाकावर बसून पावलॉव्ह, थॉर्नडाइक, स्किनर पाठ केले. मला उर्दू शाळेत नोकरी मिळाली. मुलांना उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. त्याला विनाअनुदानित शाळांचे उंबरठे झिजवून काही मिळालं नाही, तेव्हा तो पोलीस भरतीत उतरला आणि काही वर्षांनी श्वान हस्तक झाला. शेवटी पावलॉव्ह त्याच्याच कामी आला. माझ्या वर्गात पंचावन्न मुलं, त्याच्या वर्गात एकच विद्यार्थिनी. आणि निकाल त्याचा चांगला, हे मी त्याला अनेकदा ऐकवलं आहे.

बिजली निवृत्त झाली तेव्हा त्याच्या हाती नवं पिल्लू आलं होतं आणि त्याला घेऊन पुण्याला ट्रेनिंगला जायचं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिचे मागचे पाय दुखायला लागलेले. एक बांधकामवाले गृहस्थ फार्महाऊसवर राखणीला न्यायला तयार होते. मित्र म्हणाला, "अरे, ती भुंकत नाही. तिला न भुंकायलाच शिकवलंय. हा तिला साखळीला बांधणार आणि भुंकत नाही म्हणून मारणार." मग त्याला आमचं अंगण आठवलं.

घरात विचारल्याशिवाय मी हो म्हटलं. चूक माझी.

अम्मी ओटीवर उभी होती. "कुत्रा?" म्हणाली. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आणि तोही पोलिसांचा?"

पहिल्या शब्दाचं कारण कुठल्याही मुसलमान वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. कुत्र्याच्या बाबतीत आमचा मसलक बराच कडक आहे. ओला कुत्रा अंगाला लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एकदा मातीनं. हनफी लोक कुत्र्याची लाळच नापाक मानतात, आणि मालिकींकडे तर कुत्रा पाकच. कुठल्या इमामांच्या मागे गेलात त्यावर बादल्यांचा हिशेब बदलतो.

दुसऱ्या शब्दाचं कारण मात्र नीट सांगावं लागेल.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. १९९३ च्या फेब्रुवारीत याच तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसं गेली. पैसे घेऊन डोळे मिटणाऱ्या सरकारी माणसांनाही पुढे शिक्षा झाल्या, पण ते कागदावर. बसमध्ये, कचेरीत, मुंबईला खोली बघायला गेल्यावर विचारला जायचा तो पत्ता. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या चुलत्यांची होडी होती, एवढ्यावरून त्यांना दोन दिवस चौकशीला बसवून ठेवलं. परत आले तेव्हा कुणी हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती. तरी त्यांनी पुढच्या वर्षी होडी विकली. घराची झडतीही झाली होती. तांदळाच्या कणगीत हात घालून बघणारा माणूस अम्मीला अजून आठवतो. तांदूळ तिनं तीनदा धुतले होते, त्यात मसलकाचा काही प्रश्न नव्हता.

त्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात जंजीर नावाचा लॅब्राडोर होता. ३,३२९ किलो आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब त्यानं हुंगून काढले असं सांगतात. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानानं निरोप दिला. त्याच्या नाकानं किती माणसं वाचली असतील याची मोजदाद नाही, आणि त्यात आमचीही असणार. मोहम्मद अली रोडला, भेंडी बाजारात आमची अर्धी नातीगोती. हे सगळं मला कळतं. पण रेल्वे स्टेशनवर तसला कुत्रा माझ्या बॅगेजवळ आला की माझी पाठ आपोआप ताठ होते. बॅगेत पेपर तपासायचे गठ्ठे असतात, तरीही.

आणि आता असली कुत्री आमच्या अंगणात.

पहिल्याच संध्याकाळी तिनं काय केलं, तर घर तपासलं. साखळी सोडली होती. ती ओटीवर चढली, अम्मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत माजघरात. डावीकडची भिंत धरून सुरुवात केली. कपाटाखाली, गादीच्या कडेला, शिलाई मशीनच्या ड्रॉवरशी, मुलांच्या दप्तरांशी. नाक जमिनीपासून चार बोटांवर, श्वासाचा भराभर आवाज. एक खोली संपली की दुसरी. कुणी हुकूम दिला नव्हता. नवीन जागा दिसली की आधी ती तपासायची, एवढंच तिला ठाऊक. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. बायकोच्या हातात पोळपाट तसाच. मला वाटतं, पाचसहा मिनिटांत कुणी नीट श्वास घेतला नसावा. स्वयंपाकघर संपवून ती बाहेर आली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

अम्मी म्हणाली, "झालं समाधान? आता पाणी आणि माती आणा."

रात्री फरशी धुतली. त्याच रात्री अम्मीनं कायदा केला. कुत्री राहील, पण उंबऱ्याच्या बाहेर. तिचं भांडं वेगळं, विहिरीपाशी मातीचा डबा वेगळा, नमाजाचे कपडे तिच्यापासून लांब.

मी इमामसाहेबांना विचारलं. ते उत्तर प्रदेशचे, हनफी, पण आमच्या मसलकाची पुस्तकं त्यांनी वाचलेली आहेत. त्यांनी सांगितलं ते मला माहीतच होतं. शिकार, गुरंमेंढरं, शेत यांसाठी कुत्रा पाळायला परवानगी हदीसमध्येच आहे. घराच्या राखणीसाठीही चालतो असं अनेक उलमांनी म्हटलं आहे. नुसत्या हौसेनं पाळला तर रोजच्या सवाबातून वजा होतं. मग त्यांनी विचारलं, "हिचं काम काय?"

मी म्हटलं, "राखण."

हे बोललो तेव्हाच मला माझी लाज वाटली. बिजलीसारखी राखणदार चोराला आनंदानं वाट दाखवील. स्फोटकांपाशी भुंकायचं नाही, पंजानं उकरायचं नाही, वास लागला की गुपचूप खाली बसायचं आणि हस्तकाकडे बघत राहायचं, हेच तर तिचं शिक्षण. ती आयुष्यभर कामाची होती म्हणून आठ वर्षं तिच्याबद्दल कुणाला प्रश्न पडला नाही. काम संपलं आणि प्रश्न सुरू झाला. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराचा उल्लेख आहे. माणूस त्याला जे शिकवतो ते इल्मही माणसाला अल्लाहकडूनच मिळालेलं, असा त्याचा आशय. शिक्षक म्हणून मला त्या आयतीचं नेहमीच अप्रूप. पण शिकवलेलं जनावर म्हातारं झालं की त्याचं काय, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

आपल्या लष्करात याचं उत्तर बरीच वर्षं फार सोपं होतं. निवृत्त कुत्र्यांना मारून टाकत. २०१५ मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून ते लोकांसमोर आलं, ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मग धोरण बदलायला लागलं. मुंबईत २६/११ ला काम केलेल्या मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर या पोलिसांच्या कुत्र्यांचं नशीब बरं. ते विरारच्या एका फार्मवर राहायला गेले. शेवटचा सीझर, तो २०१६ मध्ये गेला.

बिजलीनं पहिले तीन दिवस काही खाल्लं नाही. मी भात आणि उकडलेलं चिकन समोर ठेवायचो, ती तोंड फिरवायची. मित्र फोनवर म्हणाला, "परक्याच्या हातचं खायचं नाही हे मीच शिकवलंय. आता तू एकट्यानंच द्यायचं. भांड्याखाली चादरीचा कोपरा ठेव." चौथ्या दिवशी खाल्लं. पुढे पंधरा दिवसांनी बायकोच्या हातचं, मग मुलांच्या हातचं. एकेक माणूस धड्यासारखा वाढवत न्यायचा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, बी.एड.चं हे सूत्र मी पाठटाचणात शेकडो वेळा लिहिलं, पण इतक्या कसोशीनं कधी पाळलं नव्हतं.

घर म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. पिंजरा, गाडी, मैदान, बंदोबस्ताची जागा, परत पिंजरा, असं आयुष्य. मिक्सर लागला की दचकायची. हीच कुत्री फटाक्यांच्या आवाजात शांत उभी राहते. मुलांनी लाडानं गळ्यात हात टाकला की ताठ व्हायची. कुणाला वाटतं, कामातून सुटलेल्या जनावराला प्रेम दिलं की झालं. प्रेमाचं काय करायचं हे त्याला कळत नाही, ही पहिली अडचण. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मागच्या खुब्यांत संधिवात आहे, वजन वाढू देऊ नका, गुळगुळीत फरशीवर घसरू देऊ नका. म्हणजे अम्मीचा उंबऱ्याचा कायदा वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर निघाला. अम्मीनं हे सगळ्यांना दोनदा सांगितलं.

पण खरी अडचण म्हणजे ती झोपत नव्हती. रात्री अकरा वाजता बघावं तर अंगणात उभी. दोन वाजता उभी. बसली तरी मान वर, कान फाटकाकडे. पहाटे पहिली एसटी वळणावर आली की फाटकाशी जाऊन सज्ज. आपल्याला न्यायला गाडी आली असं तिला वाटायचं. एसटी निघून जायची. ती तिथेच.

दहाबारा दिवस हे बघून मी मित्राला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सुट्टी म्हणालास का?"

"म्हणजे?"

"बाकीचे हुकूम ट्रेनिंगचे, ठरलेले. हा शब्द माझा. काम संपलं, बॉल खेळून झाला, की मी म्हणायचो, सुट्टी. मग ती मोकळी. तुला सांगायचा राहिला." आणि मग म्हणाला, "राहिला नाही. सांगवला नाही."

मी फोन ठेवून अंगणात गेलो. ती उभीच होती. मी म्हटलं, "बिजली, सुट्टी."

तिनं माझ्याकडे बघितलं. कान खाली आले. एक मोठा उसासा टाकला, चादरीवर जाऊन दोन गिरक्या घेतल्या आणि आडवी झाली. पाचव्या मिनिटाला घोरत होती. नऊ वर्षांत ती बंदोबस्तावरून परत आलेलीच नसावी असं ते घोरणं.

पडवीतून अब्बा हे बघत होते.

अब्बांबद्दल थोडं सांगायला हवं. अब्बा एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते. निम्मी हयात ४ ते ८ च्या वॉचवर काढली. पहाटे चार ते आठ आणि दुपारी चार ते आठ. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, अजून पावणेचारला उठतात. उठून कपडे घालतात, पायात चप्पल, आणि पडवीत बसून राहतात, फजरची अजान होईपर्यंत. लहानपणी ते दहा महिन्यांनी घरी यायचे, तेव्हा आम्ही त्यांच्याशी पाहुण्यासारखं वागायचो. कायमचे आले तेव्हाही बहुधा तसंच वागलो. त्यांना कुणी काही शिकवलं नाही.

तर पहाटे पावणेचारला त्या अंगणात आता दोघं जागे असायचे. मला हे उशिरा कळलं. एकदा उठून बघतो तर अब्बा फाटकाशी, बिजली शेजारी, दोघंही वळणाकडे बघतायत. एसटी आली, गेली. अब्बा तिला म्हणाले, "आपली नाय ती." मग दोघं बंदराच्या बाजूला चालायला गेले. साखळी नव्हती, ती त्यांच्या डाव्या पायाला लागून चालत होती, शिकवल्याप्रमाणे. अब्बा हळू चालतात, तिचेही पाय दुखतात. वेग जमला.

पुढे अब्बांनीच तिला काम लावलं. कापडाच्या चिंधीत लवंग बांधायची, परसात कुठेतरी लपवायची, तिनं शोधायची, मग बॉल. मित्रानंच सुचवलं होतं. नाकाला काम नसलं तर ती खंगेल म्हणाला. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. शेवटी अब्बा "सुट्टी" म्हणणार.

शाळेत ही बातमी पोचली होतीच. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "बरं झालं सर, आता तुमच्याकडे घरच्या घरी तपासणी!" सगळे हसले. मीही हसलो. ते गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या मुलाच्या आजारपणात रात्री गाडी काढून आले होते. म्हणूनच मी हसलो, आणि म्हणूनच ते घरी सांगितलं नाही.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. रमजान तोंडावर आला होता, बायकोनं घर साफ करायला काढलं. माळ्यावरचं सामान खाली ओटीवर आलं. अब्बांची पत्र्याची ट्रंक, जुन्या रजया, माझ्या बी.एड.च्या फायली, मुलाच्या मागच्या इयत्तेच्या पुस्तकांचा खोका. बिजली पायरीपाशी पडलेली होती. ती उठली. नाक वर केलं. मग खाली. ट्रंक सोडली, रजया सोडल्या, खोक्यापाशी आली, आणि बसली.

नुसती बसली. आवाज नाही, हालचाल नाही. मान वळवून अब्बांकडे बघत राहिली.

मला बसण्याचा अर्थ माहीत होता. घरात सगळ्यांनाच माहीत होता, मीच कौतुकानं सांगितला होता. अम्मी तस्बीह हातात घेऊन दारात उभी होती. मणी थांबले. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर फाटकाकडे बघितलं, रस्त्यावरून कुणी बघत तर नाही ना. एकतीस वर्षं झाली होती, बत्तिसावं चालू होतं. माझ्याच घरात, माझ्याच मुलाच्या खोक्याला हात लावायला माझा हात पुढे जाईना. मी मित्राला फोन लावला. म्हटलं, "ती बसलीय."

त्यानं एकच विचारलं, "किती वेळ झाला?"

"दोन मिनिटं असतील."

"मग बॉल दे की तिला आधी! बिचारी वाट बघतेय. खोक्यात काय आहे ते नंतर बघ, आणि हलवू नकोस."

बॉल अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. त्यांनी तो काढला, अंगणाच्या लांबच्या टोकाला फेकला. "शाबास गो बिजली," म्हणाले. ती आपले दुखरे पाय विसरून पळाली. त्या दहा सेकंदांत मी कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या बारा वर्षांच्या मुलाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"अब्बू, माळ आहे."

"कसली माळ?"

"फटाक्यांची. वर्ल्ड कप जिंकलो तेव्हाची. दादीनं वाजवू दिली नव्हती ना."

२९ जून २०२४. भारत टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला त्या रात्री मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून फटाके आणले होते. अम्मीनं अर्ध्यावर थांबवलं होतं, शेजारी बाळंतीण होती म्हणून. उरलेली माळ यानं इतिहास आणि भूगोलाच्या पुस्तकांमध्ये दडवली. चार महिने पावसाळा खाऊन ती सादळली होती, एकही वाजली नसती. पण वास होता.

अम्मी खाली बसली. हसायला लागली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. मुलाला एक धपाटा मिळाला, तो माझ्या वाटणीचाही असावा. माळ बादलीतल्या पाण्यात बुडवली. बिजली बॉल तोंडात घेऊन अब्बांच्या पायाशी येऊन उभी राहिली. अब्बांनी बॉल काढून घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, कोरडा, आणि म्हणाले, "सुट्टी."

अम्मीचा कायदा अजून आहे. उंबऱ्याच्या आत नाही. बिजली उंबऱ्याबाहेर पुढचे पाय पसरून पडते, पंजे बरोबर लाकडाला लागून, आत एक नखही नाही. अम्मी दर जुम्म्याला ओटीवर बसून सूरह कहफ पढते. गुहेत झोपलेल्यांची हकीकत त्यात आहे, आणि उंबऱ्यावर पंजे पसरून पडलेला त्यांचा कुत्राही. एका जुम्म्याला पढता पढता ती त्या जागी थांबली, चष्म्यावरून बाहेर बघितलं आणि पुढे पढायला लागली. त्या दिवसापासून दुधाची साय बिजलीच्या भांड्यात जाते. आम्हाला मिळायची ती.

इशाची नमाज झाली की अब्बा अंगणात जाऊन तिला रोजचा शब्द सांगतात आणि झोपायला जातात. विसरले तर ती त्यांच्या खिडकीखाली उभी राहते, भुंकत नाही. परवा अब्बांना कणकण होती, ते गोळी घेऊन लवकर झोपले. मी वह्या तपासत होतो. अकराच्या सुमाराला खिडकीखाली तिचा श्वास ऐकू आला, मी पेन ठेवून उठतच होतो, तोवर आतल्या खोलीतून अम्मीचा झोपाळलेला आवाज आला, "सुट्टी गो बाय, सुट्टी."